आधी नाव, मग गाडी

लंडनचा टॉवर ब्रिज १८९४ साली खुला झाला. तिथे आजही पहिला मान जहाजाचा. तीस फुटांहून उंच डोलकाठीच्या नौकेने २४ तास आधी कळवायचे. पूल फुकट उचलला जातो. १९९७ मध्ये एक शिडाची नौका ठरल्या वेळी आली आणि अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या गाड्यांचा ताफा चक्क दुभंगला!

सिॲटलच्या फ्रिमाँट पुलाखाली जागा जेमतेम तीस फूट, त्यामुळे तो दिवसातून अनेकदा उघडतो. म्हणून कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ, कचेऱ्यांच्या गर्दीत, छोट्या नौकांना थांबवतात. हजार टनांच्या जहाजाला मात्र सूट. रास्तच आहे, एवढे धूड प्रवाहात जागच्या जागी थांबवणे सोपे नसते, मोटारीला ब्रेक असतो.