खेळातली आडवाट

चार मुले कल्पित राज्यातली पात्रे होतात, एक जण कथा चालवतो आणि कठीण प्रसंगी फासा टाकून निकाल लावतात. असा खेळ अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ साली निघाला. त्यात मूळ मोहिमेला आडवाटा फुटतात. त्या लक्षात कशा राहाव्यात?

आपले वनपर्व पाहा. द्यूतात राज्य हरलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नळाची कथा सांगतात. नळही फाशांपायीच देशोधडीला लागलेला! उपकथा मूळ दुःखाचा आरसा झाली. शिवाय शेवटी ऋषी युधिष्ठिराला अक्षविद्या देतात. म्हणजे आडवाटेने हाती काही दिले.

आता घरचे उदाहरण घ्या. १९७० साली सिडको आली, मग नवी मुंबई उभी राहिली. त्याआधी इथे भातशेती होती, मिठागरे होती. त्या जुन्या काळात मुलांची मोहीम बेलापूरच्या किल्ल्याकडे निघाली आहे. सांजेच्या आत पोचायचे आहे. वाटेत भरतीने मिठागराचा बांध फुटतोय. म्हातारा आगरी हाक मारतो, “पोरांनो, हात लावा!”

थांबावे तर उशीर. जावे तर त्याची हंगामाची कमाई बुडते. निवड मुलांनीच करावी, गुरुजींनी सुचवू नये. थांबली, तर म्हातारा त्यांना ओहोटीची चिखलवाट दाखवील. गेली, तर परतताना मिठाच्या राशींऐवजी नुसते पाणी दिसेल.

राक्षस मारून मिळालेल्या मोहरा मुले विसरतात. आपण घेतलेला निर्णय मात्र विसरत नाहीत.