वजनाचा कांटा आणि व्यायामाचें फळ

शाळकरी मुलाचें वजन फार वाढलें म्हणजे त्याच्या वांट्याला दोन गोष्टी हमखास येतात. बाहेर थट्टा आणि घरांत उपदेश. कंटाळून तो पहांटे उठून धावूं लागतो, महिन्याभरानें वजनकांट्यावर उभा राहतो आणि पाहतो तों कांटा जेथल्या तेथेंच! मग व्यायाम सुटतो. वस्तुतः त्या महिन्यांत त्यानें जें मिळविलेलें असतें, तें तो कांटा दाखवूंच शकत नाहीं.

जेवणानंतर रक्तांतील साखर वाढते. ती स्नायूंत शिरावी म्हणून स्वादुपिंड इन्सुलिन नांवाचा अंतःस्राव रक्तांत सोडतें. पोटाच्या पोकळींत व यकृतांत चरबी सांचली कीं शरीर या इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीं. स्वादुपिंडाला मग अधिकाधिक इन्सुलिन पुरवावें लागतें. आणि तें थकलें म्हणजे साखर रक्तांतच सांचूं लागते. एके काळीं केवळ प्रौढांचा समजला जाणारा मधुमेह आज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांतहि आढळतो, तो याच वाटेनें.

व्यायाम ही वाट अडवितो. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या साह्यावांचूनहि रक्तांतील साखर ओढून घेतो. शिवाय पुढें एक-दोन दिवस तो इन्सुलिनला अधिक दाद देतो. हा गुण लवकर ओसरतो, म्हणून व्यायामांत फार दिवसांचा खंड पडूं देणें बरें नव्हे.

अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें १२ ते १८ वर्षांच्या ४५ स्थूल मुलांवर झालेला एक प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं मुलांनीं दमाचा व्यायाम केला, कांहींनीं ओझें उचलण्याचा, तर उरलेल्यांनीं कोणताच नाहीं. व्यायाम आठवड्यास १८० मिनिटें, तीन महिने. आहार मात्र तोडला नव्हता. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत पोटांतील व यकृतांतील चरबी घटली. ओझें उचलणाऱ्या मुलांत इन्सुलिनचा प्रभावहि सुमारें २७ टक्क्यांनीं वाढला. पुढें मुलींवर असाच प्रयोग झाला, तेव्हां दमाचा व्यायामच अधिक गुणकारी ठरला. यावरून एकाच प्रकाराचा हट्ट न धरणें शहाणपणाचें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ५ ते १७ वर्षांच्या मुलांस रोज सरासरी ६० मिनिटांची दमदार हालचाल सांगितली आहे. स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यांतून निदान तीन दिवस. त्यास खर्चिक साधनें लागत नाहींत. खो-खो, हुतुतू, सायकल यांनीं दम वाढतो, दंड-बैठकांनीं स्नायू. आहाराकडे लक्ष हवेंच. पण चरबी घटून स्नायू वाढला तर वजन तेंच राहतें, हें वडीलमाणसांनीं ध्यानांत ठेवावें. कमरेचा घेर मोजावा, जिना चढतांना दम किती लागतो तें पाहावें, आणि मैदानावर निघालेल्या मुलाला, “वजन किती उतरलें?” असें रोज विचारूं नये.