लाटण्यासाठीं लांकडाची निवड

ज्वारी-बाजरीची वा कळण्याची भाकरी हातानें थापावयाची व खापरावरचा मांडा हातांवरच पसरून मोठा करावयाचा, अशी खानदेशची जुनी रीत असल्यामुळें पूर्वीं आमच्या घरांत लाटण्याचें काम सणावारापुरतें व पापडापुरतें असे. आतां गव्हाची पोळी बहुतेक घरीं रोजची झाली आहे. तरीहि औताचा दांडा दहादां पारखणारा शेतकरी घरचें लाटणें मात्र बाजारांत हातीं लागेल तें आणतो. तें पुष्कळदां हलक्या व कच्च्या लांकडाचें असून वर चकचकीत रोगण दिलेलें असतें. कालांतरानें तें रोगण सुटूं लागतें, आणि सुटलेलें जातें कोठें, तर कणकेंत. इकडे बांधावरची जुनी बाभूळ सरपण म्हणून चुलींत जात असते! यास्तव या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

लाटणें जड असलें म्हणजे दाब त्याच्या वजनानेंच पडतो व लाटणारीच्या मनगटास श्रम कमी होतात. लांकडाचीं छिद्रें बारीक असलीं म्हणजे त्यांत ओलें पीठ भरून आंबत नाहीं. सागाचें नांव मोठें खरें, पण या दोन्ही कसोट्यांस तो दुय्यम ठरतो. त्याच्या वर्षवलयांत मोठ्या छिद्रांची ओळ असते, आणि वजन घनफुटास सुमारें १८-१९ किलोच भरतें. शिसव सुमारें २४ किलो भरते. आंबा हलका, पाणी पिणारा व लौकर काळा पडणारा आहे. बिब्ब्याच्या झाडाचा तर तुकडाहि घरांत आणूं नये. त्याच्या चिकानें अंगावर फोड उठतात. कण्हेरीचा सरळ दांडा पाहून कोणी मोहूं नये, ती सर्वांगानें विषारी आहे.

सातपुड्यांतील शिसव या कामीं सर्वांत उत्तम. उडदाच्या पापडाचा गोळा ताठ असतो, त्यास हेंच लांकूड शोभतें. नवें मिळणें कठीण व महाग. परंतु जुन्या पलंगाचा मोडका खूर किंवा चौकटीचा तुकडा माळ्यावर पडला असेल तर तो पुरता वाळलेला असतो. मात्र तो रंगविलेला नसावा, कारण जुन्या रंगांत शिसें असे. अंजन हें खानदेशच्या रानांतील नामांकित झाड. त्याचा गाभा पाण्यांत बुडतो, यावरून त्याचें वजन समजावें. कातारी मात्र तें हातीं घेण्यास कुरकुरतो, कारण हत्याराची धार टिकत नाहीं. रोजच्या पोळीस तें आम्ही सुचविणार नाहीं.

रोजच्या कामास बाभूळ घ्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे. बाहेरचा पांढुरका भाग किडीस लौकर बळी पडतो, म्हणून आंतील तांबूस लांकूडच वापरावें. गाड्याचे आरे व तुंबे यांसाठीं आपले वडील बाभळीचे ओंडके कांहीं महिने पाण्यांत बुडवून ठेवीत व मग सावलींत वाळवीत. त्यायोगें लांकडांतील रस निघून जाऊन कीड कमी लागते. रबरी चाकांच्या गाड्या आल्या आणि ही रीत मागें पडली. गोल फांदी तशीच कातूं नये. मधोमध जी मऊ भेंड असते तेथूनच तडे सुटतात. याकरितां जाड ओंडका उभा चिरवून भेंड वगळलेला तुकडा घ्यावा. रेषा सरळ असाव्यात, गांठ नसावी.

झाड आपल्या बांधावर आहे एवढ्यानें तें तोडण्याचा अधिकार पुरा होत नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १९६४ सालच्या महाराष्ट्राच्या झाडें तोडण्याच्या नियमनाच्या कायद्याप्रमाणें साग, आंबा, चिंच, अंजन इत्यादि अनुसूचित झाडांस परवानगी लागते. बाभूळ असली तरी तलाठ्याकडे विचारपूस करावी, आणि बांध सामाईक असल्यास शेजाऱ्याची संमति आधीं घ्यावी. लाटण्याएवढ्या लांकडावरून उभे राहिलेले तंटे आम्हीं दप्तरांत पाहिले आहेत.

आतां वाळवण्याविषयीं. आमच्या मतें झाडाच्या जातीपेक्षांहि याचें महत्त्व अधिक. जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांजवळ जातो. त्या उन्हांत ओलें लांकूड ठेवल्यास बाहेरून आक्रसतें, आंतून ओलें राहतें आणि फुटतें. थंडीच्या दिवसांत तोडून, साल काढून, दोन्ही टोकांस मेण लावावें. कारण ओल टोकांतून सर्वांत वेगानें उडते. नंतर वारा खेळेल अशा सावलींत ठेवावें. जाडीच्या दर इंचास एक वर्ष, असा सुतारांचा ठोकताळा आहे. म्हणजे दोन इंची तुकड्याचें लाटणें आखाजीस हवें असेल तर तोड दोन वर्षे आधींची पाहिजे. शंका असल्यास दुकानच्या काट्यावर तोलावें. महिन्यानें पुन्हां तोलून वजन तेंच भरलें तर कातण्यास हरकत नाहीं.

लांबी सव्वा फूट व मधली जाडी सव्वा ते दीड इंच पुरे. घांसून झाल्यावर एकदां ओल्या फडक्यानें पुसावें, म्हणजे तंतु उभे राहतात; वाळल्यावर ते पुन्हां घांसून टाकावेत. रोगण देऊं नये. खाण्याच्या जवसाचें कच्चें तेल पातळ चोळून आठ-दहा दिवस सुकूं द्यावें, व असें दोन-तीनदां करावें. शेंगदाण्याचें तेल सुकत नाहीं, चिकट राहून खवट होतें. रंगाच्या दुकानांतील उकळलेलें जवसतेल मुळींच नको, त्यांत सुकण्यासाठीं इतर द्रव्यें मिसळलेलीं असतात. लाटणें धुतल्यावर तत्काळ पुसून उभें ठेवावें. पाण्यांत भिजत घालूं नये व चुलीच्या धगीजवळ वाळवूं नये.