पर्शियन मांजरीसाठी कर्ज? आधी मांजर समजून घेऊ



हल्ली गटाच्या बैठकीत एक नवा अर्ज येऊ लागला आहे. शेळी नको, शिलाई मशीन नको, पर्शियन मांजरांची जोडी घ्यायची आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, शहरात एका पिल्लाचे हजारो रुपये मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं असतं. अर्जाला लगेच हसू नका. पण अंतर्गत कर्ज मंजूर करण्याआधी मांजराचा हिशेब समजून घेऊ.

आपल्या घरात, गोठ्यात फिरते ती गावठी मांजर. ती कुठल्याही एका जातीची नाही, पण काटक आहे. जातिवंत मांजरं म्हणजे माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून जोड्या लावून तयार केलेली. पर्शियनचे केस लांब आणि तोंड चपटं असतं. सयामी मूळची थायलंडची. तिची पिल्लं जन्मतात पांढरट, मग कान, तोंड, पाय, शेपटी गडद होतात. अंगाचा जो भाग गार, तिथेच रंग चढतो.

आता पहिली चूक इथे होते. संकरित गाईचं पाहून आपल्याला वाटतं, गावठी मांजरीला पर्शियन बोका दाखवला की पर्शियन पिल्लं मिळतील. मिळत नाहीत. लांब केसांचा गुण आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर पिल्लं आखूड केसांचीच होतात. त्यांना पर्शियनचा भाव कोण देणार?

दुसरी गोष्ट माजाची. मांजर चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. रात्रभर ओरडते, लोळते, मागचा भाग उचलते. पोटात दुखतंय असं वाटून घरगुती औषध देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नको, त्याने मांजर मरते. गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. मांजरीचं बीज बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं आणि ती एकाच माजात अनेक बोके घेते. म्हणून एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्लं असू शकतात. जात राखायची तर मांजर बंद खोलीत ठेवावी लागते. आपल्या कौलारू, चहूबाजूंनी उघड्या घरांत ते कसं जमणार, हा प्रश्न अर्ज करणारीला नक्की विचारा.

आता हप्त्याचं बघू. माजावर आली म्हणून लगेच वेत घ्यायचं नाही, मांजर वर्षाची तरी होऊ द्यावी. पुढे साधारण नऊ आठवडे ती गाभण. पिल्लांचे डोळे आठवडा-दहा दिवसांनी उघडतात, चौथ्या आठवड्यापासून ती हळूहळू खायला लागतात, आणि बारा आठवडे आईजवळ राहिली तर उत्तम. म्हणजे एकवीस आठवडे, जवळजवळ पाच महिने, एक रुपया आत येत नाही. हप्ता मात्र दर महिन्याला द्यायचा. वर लस, जंतनाशक, रोज केस विंचरणं आणि उन्हाळ्यात गारवा.

जोखीमही आहे. चपट्या तोंडाच्या मांजरींची पिल्लं मोठ्या डोक्याची असल्याने अडतात, कधी पोट फाडून काढावी लागतात. जोराच्या कळा सुरू होऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर डॉक्टरकडे न्यायचं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असतो. आई-बापांपैकी एकालाही तो असेल तर साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. मांजरांचे रक्तगटही असतात. आई ब गटाची आणि पिल्लू अ गटाचं असेल तर आईचा चीकच पिल्लाच्या रक्ताला मारक ठरतो, धडधाकट जन्मलेलं पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. या तपासण्या न करता जोडी विकणारा आपल्याला धंदा नव्हे, दवाखान्याचा खर्च विकतो. शिवाय २०१८ च्या नियमांनुसार पाळीव प्राणी विकण्यासाठी ठेवायचे तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते.

माझं मत विचाराल तर हा धंदा गटाच्या कर्जावर करण्यासारखा नाही. स्वतःचे पैसे, बंद खोली आणि जवळ मांजरांचा डॉक्टर असेल, तिने जरूर करावा.

घरच्या मांजरीचं मात्र आपल्या हातात आहे. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आपण सारखं उचलून बघतो म्हणून ती जागा बदलते. अंधाऱ्या कोपऱ्यात खोकं आणि जुनी साडी द्या आणि लांब राहा. आई नसेल तर पिल्लांना गाईचं दूध पाजू नका, हगवण लागते. डॉक्टरांकडून मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर घ्या.

पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्लं तुटली की लगेच तिची नसबंदी करून घ्या. नवी मांजर असेल तर पाच-सहा महिन्यांची झाल्यावर करता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शस्त्रक्रिया होते का, कोणत्या दिवशी, किती तास उपाशी ठेवायचं, हे आधी फोनवर विचारा. आणि नेताना टोपलीवर जाळी घट्ट बांधा, पिशवीतून नेलेली मांजर एसटी स्टँडवरच पळते.