‘द वॉरियर्स’ गेम मोबाईलवर खेळता येतो का? एपीके डाउनलोड करण्याआधी हे वाचा

यूट्यूबवर जुन्या गेम्सचे व्हिडिओ बघताना ‘द वॉरियर्स’ कधीतरी तुमच्यासमोर आला असेल. न्यूयॉर्कच्या गल्ल्या, चामड्याची जाकिटं घातलेली पोरं आणि तुफान हाणामारी. व्हिडिओ बघितला की पुढची पायरी ठरलेली: गुगलवर ‘द वॉरियर्स एपीके’ असं टाकायचं. मग समोर येतात डाउनलोडची मोठमोठी हिरवी बटणं.

त्यातलं एकही बटण दाबू नका. का, ते समजून घेण्यासाठी आधी हा गेम नेमका काय आहे ते बघूया.

सिनेमातून आलेला गेम

‘द वॉरियर्स’ हा वॉल्टर हिल यांनी दिग्दर्शित केलेला १९७९ चा अमेरिकन सिनेमा. तो सोल युरिक यांच्या १९६५ च्या कादंबरीवर आधारलेला आहे आणि त्या कादंबरीचं मूळ थेट प्राचीन ग्रीसमध्ये आहे. पर्शियात खोलवर अडकलेलं ग्रीक सैन्य लढत लढत घरी परततं, ही झेनोफनने लिहून ठेवलेली हकीकत युरिक यांनी न्यूयॉर्कच्या टोळ्यांवर बेतली.

गोष्ट एका रात्रीची आहे. शहरातल्या सगळ्या टोळ्यांना एकत्र आणू पाहणारा सायरस हा नेता भर सभेत गोळी लागून मरतो. खून केलेला असतो ल्यूथरने, पण आळ येतो वॉरियर्सवर. आता या नऊ जणांना शहराच्या उत्तरेकडच्या ब्रॉन्क्समधून पार दक्षिणेला कोनी आयलंडला, म्हणजे आपल्या घरी पोचायचंय. भुयारी रेल्वेने जायचं, हातात हत्यार नाही आणि अख्खं शहर मागे लागलंय. तोंड रंगवून बेसबॉलची बॅट घेऊन धावणारी ‘बेसबॉल फ्युरीज’ ही टोळी आजही लोकांच्या लक्षात आहे.

२००५ मध्ये रॉकस्टार टोरांटो या स्टुडिओने यावर पीएस२ आणि एक्सबॉक्ससाठी गेम बनवला. सिनेमातल्या काही मूळ कलाकारांनीच पात्रांना आवाज दिले. गंमत म्हणजे गेम सिनेमाच्या तीन महिने आधीपासून सुरू होतो. टोळी कशी उभी राहिली, कोण कधी आलं, हे तुम्ही स्वतः खेळता आणि सिनेमाची ती रात्र येते अगदी शेवटच्या टप्प्यात.

यात वेगळं काय आहे?

रस्त्यावर चालत जायचं आणि समोर येईल त्याला बदडायचं, या प्रकाराला ‘बीट एम अप’ म्हणतात. आपल्याकडे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ नावाने गाजलेला गेम आठवतोय? त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. तोही याच जातीचा.

‘द वॉरियर्स’ने त्यात टोळी आणली. तुम्ही एकटे लढत नाही, साथीदारांना हुकूम देता: थांबा, पांगा, माझी पाठ सांभाळा, तुटून पडा. कुठे घोळक्याने भिडायचं आणि कुठे पांगून पळायचं, हे तुम्हीच ठरवायचं. शिवाय भिंतीवर स्प्रेने टोळीचं नाव काढायला कंट्रोलरच्या काडीने आकार गिरवावा लागतो. दोघं मिळूनही खेळता येतं. दोन्ही खेळाडू जवळ असले की स्क्रीन एक, लांब गेले की तीच स्क्रीन दोन भागांत फुटते.

एक लक्षात ठेवा, हा गेम मोठ्यांसाठी आहे. रक्तपात आणि शिवीगाळ भरपूर असल्याने ब्रिटनमध्ये त्याला १८ वर्षांवरचं प्रमाणपत्र आहे.

मग मोबाईलवर आहे की नाही?

सरळ उत्तर: अधिकृतपणे नाही. गेम आला तो अशा ठिकाणी:

- पीएस२ आणि एक्सबॉक्स: २००५
- पीएसपी: २००७
- पीएस४, जुन्या पीएस२ आवृत्तीचंच रूप: २०१६

रॉकस्टारने ‘जीटीए सॅन अँड्रियास’ आणि ‘बुली’ मोबाईलवर आणले, म्हणून हाही असेल असं अनेकांना वाटतं. नेमका याच गैरसमजाचा फायदा घेतला जातो.

त्या एपीकेमध्ये असतं काय?

एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचं पॅकेट. जो गेम अँड्रॉइडसाठी बनलाच नाही, त्याचं खरं एपीके असणार कुठून? त्यामुळे सहसा यापैकी काहीतरी हाती लागतं:

१. व्हेरिफिकेशनचा फेरा. ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून दोन ॲप इन्स्टॉल करायला किंवा सर्व्हे भरायला लावतात. त्याचे पैसे त्यांना मिळतात, तुम्हाला गेम मिळत नाही.

२. जाहिरातींचं खोकं. आयकॉन गेमचा, आत फक्त जाहिराती.

३. खरा धोका. ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी त्याला दिसतो. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिली तर ते स्क्रीन वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲप्सना ही परवानगी सहज मिळत नाही. म्हणूनच अशा साइट्स सेटिंगमध्ये जाऊन ती अडवणूक कशी काढायची तेही शिकवतात. मारामारीच्या गेमला तुमचे मेसेज कशाला हवेत? एवढा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

इम्युलेटरचं काय?

इम्युलेटर म्हणजे दुभाषी. पीएसपीचा प्रोसेसर ‘मिप्स’ भाषेतल्या सूचना समजतो, तुमच्या फोनचा ‘एआरएम’ भाषेतल्या. इम्युलेटर एकाचं दुसऱ्यात भाषांतर करत जातो आणि फोनवर पीएसपीचा गेम चालतो. ‘पीपीएसएसपीपी’ हा असा मोफत, ओपन सोर्स इम्युलेटर प्ले स्टोअरवर आहे आणि २०२४ पासून आयफोनवरही.

पण त्यात गेम नसतो. गेमची फाइल वेगळी लागते आणि ती आपल्या स्वतःच्या डिस्कवरून काढायची असते. साइटवरून फुकट उतरवलेली फाइल म्हणजे पायरसीच. गेम जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही. अजून एक खूण: पीएसपीच्या गेमची फाइल आयएसओ किंवा सीएसओ प्रकारची असते आणि ती इम्युलेटरमध्ये उघडतात. ‘आयएसओ’ म्हणून दिलेली फाइल फोनवर इन्स्टॉल करायला सांगत असेल, तर ती नक्कीच बनावट.

मग खेळायचं काय?

पीएस४ किंवा पीएस५ असेल तर आपल्या भागातल्या प्लेस्टेशन स्टोअरवर ‘द वॉरियर्स’ मिळतो का ते बघा. फक्त मोबाईल असेल तर २०२२ मध्ये मोबाईलवर आलेला ‘स्ट्रीट्स ऑफ रेज ४’ हा याच प्रकारचा तगडा गेम आहे. रॉकस्टारचीच मजा हवी असेल तर ‘बुली’ घ्या. दोन्हीला पैसे पडतात, पण बँक खातं रिकामं होण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

चुकून इन्स्टॉल केलंय?

आधी नेट बंद करा. ॲक्सेसिबिलिटी आणि ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्या ॲपची परवानगी काढा, मग ॲप अनइन्स्टॉल करा आणि प्ले प्रोटेक्टने फोन स्कॅन करा. पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर सांगाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

तुमच्या ग्रुपमध्ये कोणी ‘द वॉरियर्स’ची एपीके लिंक फिरवत असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा.