स्टॅम्पपेपरवरचा संसार

आमच्या वस्तीतल्या एक ताई परवा मळकट स्टॅम्पपेपर घेऊन आल्या. लग्नाला अकरा वर्षे झालेली. समाजातल्या चार जाणत्यांनी बसून लिहवून घेतलेले : नवऱ्याने एकदाच पंचवीस हजार द्यावेत, बायकोने पुढे कधीही पोटगी मागू नये. खाली ताईंचा अंगठा. "गुरुजी, आता कोर्टाचं दार बंदच ना?" मी म्हणालो, "नाही ताई, बंद नाही."

पोटगीचा हक्क पंचांनी दिलेला नाही, कायद्याने दिला आहे. पूर्वी तो 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. खाजगी कागदाने तो सोडून देता येत नाही. मात्र 'आम्ही परस्परसंमतीने वेगळे राहतो' हे वाक्य धोक्याचे. त्याच कलमाच्या आधारे पोटगी नाकारली जाऊ शकते. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये, तो यासाठी.

आता उलट बाजू. नवरा लिहून देतो, 'दरमहा एवढे देईन.' 1872 च्या करार कायद्याचे कलम 25 म्हणते, मोबदल्याविना करार व्यर्थ. पण जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणीकृत असेल तर चालतो. 1900 साली कलकत्त्याच्या राजलखी देवी खटल्यात असा नोंदणीकृत कागद होता. न्यायालय म्हणाले, भांडून विभक्त होणाऱ्यांत प्रेम कुठले? कागद निष्फळ ठरला. म्हणजे बाईला कागदाची गरज प्रेम आटल्यावर, आणि कायदा पुरावा मागतो प्रेमाचा!

म्हणून कार्यकर्त्यांनी नुसत्या वचनावर थांबू नये. कोणी काय दिले, काय घेतले, ते करारात स्पष्ट लिहावे. घर द्यायचे तर बक्षीसपत्र करावे : दोन साक्षीदार आणि नोंदणी. त्यात 'पूर्ण मालकी' हे शब्द हवेतच. 'हयातीपुरते' लिहिले, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याचे कलम 14 तिला पूर्ण मालकीण करीलच असे नाही. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. त्यांची जयंती थाटात करणारे आपणच बाईचा हक्क पंचवीस हजारांत मिटवायला बसतो. त्या चौघांत एक जण माझा विद्यार्थी होता. ताईंचा अर्ज लिहायला मी त्यालाच बसवले.