माशाच्या पोटातला जंत आणि पाण्यातले शिसे

मासा साफ करताना पोटात जंत दिसला की आपण नाक मुरडतो आणि आतडी केरात टाकतो. ते योग्यच आहे. परंतु याच जंताकडून शास्त्रज्ञांनी नदीच्या पाण्याची पारख करून घेतली आहे. ते कसे, हे आम्ही थोडक्यात सांगतो.

युरोपातील नद्यांत चब नावाचा मासा असतो. तो आपल्या कार्पच्याच कुळातला. पर आणि खवले दोन्ही असलेला. त्याच्या आतड्यात काटेरी सोंडेचा एक जंत सोंड रुतवून राहतो. जर्मनीतील बर्न्ड स्यूरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे जंत तपासले. जंताच्या अंगातले शिसे माशाच्या मांसापेक्षा सुमारे २,७०० पट आणि पाण्यापेक्षा सुमारे ११,००० पट भरले!

असे का व्हावे? पाण्यातले शिसे कल्ल्यांवाटे माशाच्या रक्तात जाते. यकृत ते पित्ताबरोबर आतड्यात सोडते. तेथून त्यातले बरेचसे परत माशाच्या अंगात शोषले जायचे. पण मध्ये जंत बसलेला असतो. त्याला तोंड नाही, आतडे नाही. सगळे अन्न तो कातडीतून घेतो. पित्तातले पदार्थ त्याला हवेच असतात, आणि त्यांच्याबरोबर शिसेही येते.

याचा उपयोग असा, की पाण्यात धातू इतका थोडा असतो की तो मोजणे कठीण जाते. जंतात मात्र तो साठलेला सापडतो. हैफाजवळच्या किशोन नदीत वर्षानुवर्षे कारखान्यांचे सांडपाणी मिसळत होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. पाणी नुसते दिसायला निवळ असून भागत नाही.

मग जंत असलेला मासा अधिक चांगला काय? तसे समजू नये. प्रयोगात जंत असलेल्या माशांच्या अंगात शिसे कमी आढळले, हे खरे. पण जंत माशाचेच अन्न खातो. शिवाय जंत दिसला म्हणजे मासा विषारी, किंवा दिसला नाही म्हणजे पाणी शुद्ध, असेही ठरत नाही.

घरच्यासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. चांगले शिजवल्याने जंत मरतो, पण शिसे शिजवून जात नाही. शिसे मांसापेक्षा यकृतात, मूत्रपिंडात व हाडांत जास्त साठते, म्हणून आतला भाग टाकून द्यावा. आणि कारखान्याच्या सांडपाण्याजवळ धरलेला मासा कोणी प्रेमाने आणून दिला तरी घेऊ नये. आपले वय झाले. पण ताटाला नातवंडे बसतात, आणि शिशाचा अपाय वाढत्या मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त होतो.